रायगड किनारा, सरकारी पुकारा आणि कर्णबधिर

रायगडच्या किनाऱ्यावर सरकार लोकांपर्यंत पोचत असे ते मुख्यतः आवाजाने. सारा भरण्याची मुदत, लिलावाची तारीख, पटकीची साथ, साहेबाचा मुक्काम ही सगळी वर्दी गावकामगार महार दवंडी पिटून देत. कचेरीत पक्षकाराच्या नावाचा पुकारा होई, बंदरावर बोट सुटायच्या आधी भोंगा वाजे. लिहिता-वाचता येणारे थोडे असल्यामुळे ही रीत बहुतेकांच्या सोयीची होती. ज्याला ऐकू येत नाही तो मात्र तिच्यातून आपोआप गळत होता. त्याला कोणी मुद्दाम गाळले नव्हते, म्हणून फार काळ ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० च्या सुमारास कंपनी सरकारकडे गेले. १८६९ मध्ये कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, हा वेगळा जिल्हा झाला आणि अलिबाग त्याचे ठाणे बनले. मुरूडकडचा हबसाण, म्हणजे सिद्दींचे जंजिरा संस्थान, १९४८ पर्यंत नवाबाकडेच होता. इंग्रजी अमलात कागद वाढले, छापील नोटिसा आल्या, पण कचेरीच्या दारातली रीत तीच राहिली. पट्टेवाला व्हरांड्यात येऊन पक्षकाराचे नाव मोठ्याने पुकारी, पुन्हा पुकारी आणि आत जाऊन ‘गैरहजर’ म्हणून सांगे. प्रतिवादी हजर नसेल तर दावा एकतर्फी चाले. वादीच नसेल तर दावा काढून टाकला जाई. बहिरा माणूस समोरच्या झाडाखाली बसलेला असला तरी कागदोपत्री तो गैरहजर. त्यामुळे सोबत कोणाला तरी न्यावेच लागे आणि हे कोणीतरी बहुधा घरातलेच असे. जमिनीच्या वादात घरातल्यांचे हितसंबंध काय असतात, हे कोकणातल्या भाऊबंदकीची ओळख असलेल्याला वेगळे सांगायला नको.

या भाऊबंदकीला धर्मशास्त्राचाही आधार होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांना वाटणीत हिस्सा नाही अशांची यादी आहे. तिच्यात जन्मांध, जन्मबधिर आणि मुके येतात. त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावे असा दंडक. मिताक्षरा या टीकाग्रंथानेही तो मानला आणि इंग्रजी न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून तोच चालवला. दोष जन्मजात आणि असाध्य असला पाहिजे, एवढी अट न्यायालयांनी घातली. तिचा परिणाम विचित्र होई. तापाने पुढे बहिरा झालेला भाऊ हिस्सेदार राही आणि जन्मापासून बहिरा असलेला भाऊ त्याच घरात पोटापुरता आश्रित ठरे. हा नियम १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने मोडला. जन्मतः वेडसर किंवा मतिमंद असलेल्यांना मात्र त्या कायद्यानेही बाहेरच ठेवले. शारीरिक वा मानसिक दोषावरून वारसा नाकारणे पूर्णपणे संपले ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने.

साक्षीच्या बाबतीत इंग्रजी कायदा त्या मानाने उदार होता. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे ज्याला बोलता येत नाही असा साक्षीदार लिहून किंवा खुणा करून साक्ष देऊ शके. हे भर न्यायालयात व्हायला हवे, आणि अशी साक्ष तोंडी पुराव्याइतकीच मानली जाई. अडचण पुढे होती. शाळा न पाहिलेल्या खेड्यातल्या मुक्या माणसाला लिहिता येत नसे, आणि त्याच्या खुणा त्याच्या आईला आणि शेजाऱ्यांनाच कळत. अर्थ सांगणारा कोण असावा, त्याने शपथ घ्यावी की नाही, खुणा कशा नोंदवाव्यात, यांवर कलमात अक्षर नव्हते. आरोपी स्वतः कर्णबधिर असेल आणि खटल्यात काय चालले आहे हे त्याला समजावता येत नसेल, तरी खटला चालवता येई. फक्त दोषी ठरवल्यावर कागद उच्च न्यायालयाकडे धाडावे लागत. म्हणजे न समजलेल्या खटल्यात माणूस दोषी ठरू शके आणि त्याची काळजी घेतली जाई ती नंतर.

त्याच वर्षी, १८७२ मध्ये, मुंबई इलाख्याची शिरगणती झाली आणि तीत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी यांचे स्वतंत्र रकाने आले. पुढच्या गणत्यांत जन्मापासून मुके-बहिरे असलेल्यांनाच मोजायचे असा नियम होता. त्यामुळे म्हातारपणी, आजाराने किंवा कामाच्या ठिकाणच्या गोंगाटाने ऐकू येईनासे झालेले या हिशेबात आलेच नाहीत. हे रकाने १९३१ पर्यंत चालले आणि मग बंद पडले. ऐकू न येणाऱ्यांची वेगळी मोजणी पुन्हा झाली ती २००१ मध्ये. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख ७१ हजार लोक नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे ४ लाख ७३ हजार. सरकारने या लोकांची गणती १८७२ पासून केली. त्यांच्यासाठी कचेरीत काही बदलायला हवे हे सुचायला शंभरावर वर्षे गेली.

शिक्षणाची सोय मुंबईत झाली. १८८५ मध्ये कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली. देशातली ही पहिली शाळा मानली जाते. पुढे ती माझगावच्या नेस्बिट रोडवर होती. आज रेवसची लाँच जिथे लागते तो भाऊचा धक्का तिथून लांब नाही. पण कुलाब्याच्या खेड्यातल्या मुलासाठी मधले अंतर खाडीचे कमी आणि पैशाचे जास्त होते. शिवाय ही शाळा निघाली तो काळच सांकेतिक भाषेच्या विरोधाचा होता. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना बोलायला आणि ओठ वाचायला शिकवावे, खुणा टाळाव्यात, असा ठराव केला होता. त्याची छाया भारतातल्या शाळांवरही दीर्घकाळ राहिली. वर्गात हात बांधलेले आणि मधल्या सुट्टीत हात मोकळे, अशी दुहेरी वागणूक मुलांच्या अंगवळणी पडली. सरकारी नोकरांचा समज मात्र पक्का झाला की शिकलेल्या बहिऱ्याला ओठ वाचता येतातच. त्याला कळले नाही तर तो मठ्ठ तरी किंवा सोंग करतो तरी.

सार्वजनिक सेवांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न याच जिल्ह्यात एकदा फार ठळकपणे विचारला गेला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. तो कागदावरच राहिला, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. दोन्ही अन्याय एका मापाचे नव्हेत. पण एक फरक कर्णबधिरांची स्थिती उलगडून दाखवतो: त्यांच्यावर कोणतीच उघड बंदी नव्हती, त्यामुळे मोडण्यासारखेही काही नव्हते. दार उघडे असे, आत काय चालले आहे ते तेवढे कळत नसे.

स्वातंत्र्यानंतर सेवा वाढल्या, तशी आवाजावरची भिस्तही वाढली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे–अहमदनगर धावली आणि थोड्याच वर्षांत एसटी ही कोकणची जीवनवाहिनी झाली. पेण, महाड, माणगावच्या स्थानकांवर फलाट आयत्या वेळी बदलतो आणि तो बदल कंट्रोलर कर्ण्यावरून सांगतो; ऐकू न येणारा प्रवासी पाटी पाहत जुन्या फलाटावरच उभा राहतो. सवलतीच्या तिकिटाला वेगळीच कटकट. आंधळ्याची काठी दिसते, पांगळ्याची कुबडी दिसते. धडधाकट तरुणाने सवलतीचे कार्ड पुढे केले की कंडक्टरचा पहिला संशय लबाडीचा असतो. काही विचारले आणि उत्तर आले नाही तर आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजाबरोबर चेहऱ्यावर उमटणारा राग तेवढा समोरच्याला नीट कळतो. रेल्वेने सवलतीला अटच अशी घातली की प्रवासी पूर्ण बहिरा आणि मुका, दोन्ही असावा. जो ऐकू शकत नाही पण धडपडत का होईना बोलायला शिकला, तो तिच्यात बसत नाही. शाळा बोलायला शिकवतात आणि बोलल्यावर रेल्वे सवलत काढून घेते, हे विसरू नये.

या सगळ्याच्या मुळाशी असतो तो अपंगत्वाचा दाखला, आणि तो मिळवतानाच सेवेतली वागणूक पुरती कळते. मापन असे होते: ध्वनिरोधक खोलीत कानांना हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवतात, ऐकू आला की बोट वर करायचे किंवा बटण दाबायचे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार सुरांवरची सरासरी धरायला सांगितली. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारा. बोट वर करणे रुग्णाच्या हातात असल्यामुळे संशय आला की मेंदूचा प्रतिसाद थेट मोजणारी तपासणी करायला सांगतात. दाखल्यासाठी श्रीवर्धन किंवा पोलादपूरहून अलिबागला येणाऱ्याचा पूर्ण दिवस जाण्यायेण्यात जातो. त्यात केसपेपरचा नंबर तोंडी पुकारला जातो. बहिरेपणाचा दाखला घ्यायला आलेल्या रांगेला नावे पुकारून आत बोलावण्याची ही पद्धत देशभर इतकी रुळलेली आहे की तिच्यातली विसंगती कोणाला खटकत नाही.

बदल सुरू झाला तो मुंबईतूनच. बांद्र्याला १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण अपंग संस्था स्थापन झाली. १९८७ मध्ये दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी साप्ताहिक बातम्या सुरू झाल्या. त्याआधी १९७७ मध्ये मदन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईसह चार शहरांत पाहणी करून दाखवले होते की कर्णबधिरांच्या खुणांना स्वतःचे व्याकरण आहे आणि शहराशहरांतले फरक असूनही त्यांचा गाभा सामाईक आहे. तरी या सांकेतिक भाषेचे पद्धतशीर वर्ग बांद्र्याच्या संस्थेत २००१ मध्ये सुरू झाले. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये ३००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. सामान्य कर्णबधिराला मात्र शब्दकोशापेक्षा मोबाइलचा आधार जास्त झाला. आधी एसएमएसने आणि मग व्हिडिओ कॉलने, मधे कोणी ऐकणारा न घेता तो पहिल्यांदा लांबच्या माणसाशी बोलू लागला.

किनाऱ्याचा स्वतःचा असा एक प्रश्न सुरक्षेचा आहे. १९९३ मध्ये दिघी आणि शेखाडीला स्फोटके उतरवली गेली, २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे आली, गस्त आणि नाकाबंदी वाढली. समुद्रात हटकताना हाक मारतात, नाक्यावर ‘कुठून आलास’ म्हणून विचारतात, आणि दोन्हींना उत्तर न देणारा संशयित ठरतो. उलट बाजूने मदत मागायची तरी १०८ ची रुग्णवाहिका, तटरक्षक दलाचा १५५४, किनारी पोलिसांचा १०९३, सगळे फोनवर बोलून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. आधीचे इशारे भोंग्यावरूनही दिले गेले, वादळानंतर वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले. कोरोनाचे दिवस असल्यामुळे तोंडांवर मास्क होते, म्हणजे ओठ वाचण्याचा मार्गही बंद. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ ने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर दिव्यांगांची नोंद ठेवण्याची आणि धोक्याची सूचना त्यांना समजेल अशी पोचवण्याची जबाबदारी टाकलेली आहे.

न्यायालयांत सुधारणा जास्त झाली. राजस्थानातल्या एका खून खटल्यात मूकबधिर विधवेची साक्ष तिच्या वडिलांनी उलगडून सांगितली होती. त्यांना दुभाषी म्हणून शपथ दिली नव्हती आणि खुणाही नोंदवल्या नव्हत्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी साक्ष चालते हे मान्य केले, पण दुभाष्याने शपथ घ्यावी, त्याचा खटल्यात हितसंबंध नसावा आणि खुणा लिहून ठेवाव्यात असे सांगितले. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये कलम ११९ बदलले आणि दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे व जबाबाचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयात काम पाहिले.

तहसील, दवाखाना, बँक, एसटी यांच्या खिडकीवर असा दंडक उतरलेला नाही. २०१६ च्या कायद्याने सर्व सेवादात्यांना सुगम सेवेसाठी नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. ती २०१९ मध्येच संपली. त्या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतले निकष मात्र ‘मार्गदर्शक’ स्वरूपाचे निघाले, म्हणजे पाळले तर ठीक, न पाळले तर विचारणारा कोणी नाही. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारने तीन महिन्यांत बंधनकारक निकष ठरवावेत असा आदेश दिला.