हिरवळीवरचा छोटा ट्रॅक्टर

भिलाई म्हटलं की आधी पोलाद आठवतं. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पण कारखान्याबरोबर सेक्टर आखून एक नगरही वसलं. त्यात रुंद रस्ते आले, मैदानं आली, आणि 1972 मध्ये त्याच दोस्तीच्या नावानं मैत्री बाग झाली. आता एवढ्या मोकळ्या जागा राखायच्या कशा? म्हणून आज गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचा इतिहास पाहू.

इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंगनं 1830 मध्ये गवत कापायचं यंत्र बनवलं. कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला ते सुचलं. पुढं मोठी यंत्रं घोडे ओढू लागले, तेव्हा खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामडी बूट घालत. आपल्याकडे हे काम बैलांनी केलं. म्हणजे हिरवळीवर ताकदीपेक्षा वजनाचा प्रश्न पहिल्यापासून मोठा होता.

ट्रॅक्टर हलका करायची वाट हॅरी फर्ग्युसननं दाखवली. त्याची तीन टोकांची हायड्रॉलिक जोडणी 1939 च्या फोर्ड ट्रॅक्टरवर आली. औजाराचा भार मागच्या चाकांवर येऊ लागला, त्यामुळं पकडीसाठी ट्रॅक्टर अवजड असण्याची गरज उरली नाही. जपानमधली शेतं लहान, तिथं 1960 मध्ये कुबोटाचा छोटा ट्रॅक्टर आला. पुढं असे ट्रॅक्टर अमेरिकेत घराभोवतीच्या हिरवळीवर पोचले.

आपल्याकडचा रस्ता वेगळा. स्वराज ट्रॅक्टरचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तयार झाला. दुर्गापूर हेही पोलादाचंच गाव! 1974 मध्ये मोहालीत त्याचं उत्पादन सुरू झालं, पण ते नांगरटीसाठी. पुढं पंधरा-वीस अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर रुळले, तेही नाशिककडच्या द्राक्षबागांसारख्या ठिकाणी, ओळींमधून फिरायला. बाग राखणारा माणूस आज जो छोटा ट्रॅक्टर घेतो, तो मुळात शेतातलाच असतो.

याचा परिणाम जमिनीवर दिसतो. छत्तीसगढमध्ये काळ्या चिकण जमिनीला 'कन्हार' म्हणतात आणि मुरमाड जमिनीला 'भाठा'. कन्हार आपल्या रेगडीसारखी. पावसानंतर तिच्यावर खोल नक्षीचे शेतीचे टायर गेले की चाकोऱ्या पडतात, आणि वाळल्यावर त्या दगडासारख्या होतात. म्हणून हिरवळीसाठी रुंद, उथळ नक्षीचे टायर हवेत, आणि जमीन वाफशावर येईपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्येच बरा.

दुसरा परिणाम जिवावरचा आहे. गवत कापायचं यंत्र ज्या पीटीओ शाफ्टवर चालतं, तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. भिलाईत उन्हात काम करणाऱ्याच्या गळ्यात गमछा असतोच. त्याचं टोक शाफ्टमध्ये गेलं, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवर प्लास्टिकचं आवरण येतं, पण ग्रीस भरताना काढलेलं आवरण पुष्कळदा परत बसतच नाही. शिवाय अरुंद ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवला तर लवकर कलंडतो. डोक्यामागची लोखंडी चौकट आणि सीटचा पट्टा त्यासाठीच असतात. झाडाच्या फांदीला अडते म्हणून चौकट काढून ठेवू नका.

सोसायट्यांच्या बागांचं कंत्राट घेणारे बरेच जण पहिला प्रश्न विचारतात, "किती एचपीचा?" आधी विचारा, टायर कोणते, शाफ्टला आवरण आहे का, चौकट आहे का. आणि ट्रॅक्टर जो चालवणार आहे, त्याला खरेदीच्या वेळी सोबत न्या. घोड्यांना बूट घालणाऱ्यांनी गवताची काळजी घेतली होती. आपण निदान चालवणाऱ्याची घेऊ या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.