वापराएवढे पैसे स्वस्त पडत नाहीत

सांगली-साताऱ्याकडे एकट्याच्या बळावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डेव्हलपरला एक सल्ला हमखास मिळतो : मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर जा, मुंबईचं केंद्र घे, सुरुवात फुकट होते आणि पुढे वापराएवढेच पैसे लागतात. हा सल्ला बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्याची बाजू. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत केंद्र उघडलं, गूगलने २०१७ मध्ये. वापर कमी तर बिल कमी, गर्दी झाली तर क्षमता वाढवता येते. ज्याची कमाई प्रत्येक नव्या ग्राहकाबरोबर वाढते, त्याला हा हिशेब फायद्याचाच आहे.

पण इथल्या डेव्हलपरची कमाई तशी वाढत नाही. पतसंस्था असो की हळदीचा अडत्या, वर्षाची रक्कम एकदाच ठरते आणि तीही घासाघीस करून. समजा, तासगावच्या बागायतदारांसाठी कुणी द्राक्षसल्ल्याचं अ‍ॅप केलं. ऑक्टोबर छाटणीनंतर अवेळी पाऊस झाला की दावण्या रोगाच्या धास्तीने सगळे एकाच रात्री फोटो आणि व्हिडिओ उघडणार. अ‍ॅप ज्या दिवशी सर्वांत उपयोगी पडतं, त्याच दिवशी ते बनवणाऱ्याचा खर्च वाढतो. वर्गणी मात्र तेवढीच राहते.

आकडेच घेऊ. मुंबई केंद्रातून बाहेर जाणाऱ्या डेटाला अ‍ॅमेझॉन महिन्याला पहिले १०० जीबी फुकट देतं, त्यानंतर जीबीमागे सुमारे ११ सेंट घेतं. महिन्यात ४०० जीबी गेले, तर नुसत्या वाहतुकीचे जवळपास ३३ डॉलर झाले. सर्व्हरचं भाडं वेगळं. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपी पत्त्याचेही महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर पडतात. याउलट डिजिटलओशनच्या बंगळुरू केंद्रात १ जीबी मेमरीचं छोटं यंत्र महिना ६ डॉलरला मिळतं आणि त्यात १,००० जीबी वाहतूक धरलेली असते. त्यापुढे जीबीला एक सेंट. पावसाच्या रात्री असं छोटं यंत्र धिमं पडू शकतं, हे खरं. त्यावर उपाय आहे : फोटो आधीच लहान करून ठेवावेत. अचानक फुगलेल्या बिलावर तसा उपाय नाही.

मुंबई जवळ म्हणून वेगवान, हेही तपासून पाहावं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगलीहून मुंबई चारशेच्या आसपास, बंगळुरू सहाशेच्या. सरळ मार्गाने जाऊन-येऊन फरक दोन मिलिसेकंदांचा. वळसे धरले तरी पावती छापणाऱ्या कारकुनाला तो जाणवायचा नाही. आणि मुंबईच हवी असेल, तर ठरलेल्या भाड्याची यंत्रं तिथेही मिळतात.

फुकट सुरुवातीचं काय? पूर्वी ती वर्षभर पुरत असे. जुलै २०२५ पासून अ‍ॅमेझॉनच्या नव्या खात्यांची फुकट योजना सहा महिन्यांवर आली आहे. पतसंस्थेचा करार त्याहून लांब असतो.

काहीजण दुसऱ्या टोकाला जाऊन सर्व्हर ऑफिसातच ठेवा म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं होतं. सांगलीच्या बाजारपेठेत तळमजल्यावर हिशेबाची एकुलती एक प्रत ठेवायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

ठरलेल्या भाड्याच्या यंत्रावर मेहनत आपली असते. अपडेट, फायरवॉल, रोजचा बॅकअप, आणि तो बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे. ज्याला हे जमत नाही, त्याने शिकेपर्यंत मोठ्या क्लाउडची तयार डेटाबेस सेवा जास्त पैसे देऊन जरूर घ्यावी. पेमेंट व्यवहारांची यंत्रणा चालवणाऱ्यांचा डेटा रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार भारतातच ठेवावा लागतो. अशा कामासाठी परदेशातला स्वस्त सर्व्हर बाद. शिवाय ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डावरच्या आपोआप कपातीचे नियम कडक झाल्यापासून परदेशी कंपनीचा मासिक हप्ता अडकू शकतो. त्यामुळे रुपयांत बिल देणारी किंवा आगाऊ रक्कम जमा करून घेणारी कंपनी आधी शोधावी, दर त्यानंतर पाहावेत.