भूकंपानंतरचे लिस्बन

चिमाजी आप्पांनी 1739 साली वसई घेतली. तिकडून आलेल्या पोर्तुगीज घंटा आपल्याकडच्या कित्येक देवळांत अजून टांगलेल्या आहेत. ज्या राज्याच्या सत्तेची ती खूण, त्या राज्याची राजधानी लिस्बन पुढे सोळा वर्षांनी एका सकाळी कोसळली. 1 नोव्हेंबर 1755, शनिवार. सर्व संतांचा सण. साडेनऊ-पावणेदहाचा सुमार, चर्चे माणसांनी भरलेली. धक्क्यांनी छते खाली आली. उघड्यावर जीव वाचेल म्हणून लोक तेजो नदीच्या काठाकडे धावले, तर समुद्राचे पाणी नदीतून चढून आले. चर्चमधल्या मेणबत्त्यांनी आणि घरोघरच्या चुलींनी लागलेली आग त्यानंतर पाच-सहा दिवस शहर जाळीत होती.

या संहारावर व्हॉल्तेअरने काव्य लिहिले आणि ईश्वर न्यायी की निर्दय, यावर युरोपातल्या विद्वानांनी वर्षानुवर्षे शाई खर्च केली. आम्हांला त्या वादापेक्षा एक साधी गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते. पुढच्या आठवड्यात लिस्बनच्या माणसाने पाव कुठून आणला, आणि केवढ्याला? (‘पाव’ हा आपला शब्दही त्यांच्याकडूनच आलेला.)

राजा जोझे पहिला त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होता, म्हणून वाचला. पण त्याचे अवसान पार गळून गेले. कारभार हाती घेतला तो सेबास्तियांव जोझे द कार्व्हाल्हो या मंत्र्याने. पुढे मार्किस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेला तोच हा. मेलेल्यांना पुरा आणि जिवंतांना जेवू घाला, असे एक वाक्य त्याच्या तोंडी घालतात. ते त्याचे असो वा नसो, त्याने केले ते तेच. प्रेते कुजून रोगराई पसरू नये म्हणून धर्मप्रमुखाची संमती घेऊन ती पडावांत भरली आणि वजने बांधून समुद्रात सोडली. धान्य आणवले आणि अन्नाचे भाव भूकंपापूर्वी होते त्याहून चढवायचे नाहीत, असा हुकूम काढला. डिसेंबरात घरभाडी आणि झोपड्यांच्या जागेची भाडी वाढवण्यास बंदी झाली. संकटात सापडलेल्याला लुटणारा चोर रात्रीच येतो असे नाही, दिवसाढवळ्या भाडेवसुलीलाही येतो, हे या माणसाने नेमके ओळखले होते.

‘गाझेता द लिस्बोआ’ हे साप्ताहिक नेहमी गुरुवारी निघे. ते 6 नोव्हेंबरच्या गुरुवारीही निघाले. भूकंपाची बातमी त्यात अवघ्या काही ओळींची होती. पण जळत्या शहरात ठरल्या वारी छापील कागद हाती पडला, यातच लोकांना धीर मिळाला असावा, असे आम्हांस वाटते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लूटमार करणाऱ्यांसाठी उंच उंच जागी फाशीचे खांब उभे राहिले. धडधाकट माणसांना परवान्यावाचून शहर सोडण्याची मनाई झाली आणि त्यांना ढिगारे उपसण्यास जुंपले. ज्याचे घरदार गेले, त्याला आपल्या गावी बहिणीकडे जाऊन रडण्याचीही मोकळीक राहिली नाही. शिवाय वाद झाला तो रोजच्या जगण्यावरच. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट पाद्र्याने 1756 साली एक पुस्तिका काढली. भूकंप ही पापाची शिक्षा आहे, लोकांनी निवारे उभारण्याच्या मागे न लागता प्रायश्चित्त घ्यावे, असा तिचा रोख होता. मंत्र्याला हातोडीचा आवाज हवा होता, पाद्र्याला प्रार्थनेचा. पाद्र्याला शहराबाहेर घालवण्यात आले, आणि पुढे 1761 साली इन्क्विझिशनने त्याला पाखंडी ठरवून गळा आवळून मारले व जाळले. त्या वेळी इन्क्विझिशनचा प्रमुख कार्व्हाल्होचा भाऊच होता. मालाग्रिदाचा उपदेश आम्हांला मान्य नाही. पण ज्या हाताने पावाचा भाव बांधला त्याच हाताची ही करणी, हे विसरून चालत नाही.

शहर नव्याने बांधण्याचा भार मानुएल द माया या वृद्ध अभियंत्यावर पडला. वय पंचाहत्तरीच्या पुढे. राज्याच्या दप्तरखान्याचा प्रमुखही तोच. दप्तर ठेवलेला बुरूज पडला, तेव्हा ढिगाऱ्यातले कागद काढून लाकडी खोपटात ठेवण्यात आले. घर पडले तरी जमिनीचा कागद राहिला, तर माणूस पुन्हा उभा राहू शकतो! त्याच मायाने डिसेंबरापासून एकामागून एक टिपणे लिहिली आणि पर्याय मांडले: होते तसेच बांधावे, की रस्ते रुंद करावे, की जुनी जागा सोडून बेलेंकडे नवे शहर वसवावे? अखेर जुन्याच जागी, ढिगारे सपाट करून, सरळ रस्त्यांचे नवे शहर आखले गेले. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवायचा, म्हणजे धक्का बसला तरी घर हलेल पण पडणार नाही. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांच्या तुकड्या पाय आपटीत चालवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. दारे-खिडक्या एकाच मापाच्या ठेवल्या.

नोव्हेंबर 1760 मध्ये हुकमाने रस्त्यांची नावे ठरली आणि कोणत्या धंद्याने कुठे बसायचे तेही ठरले. सोनार एका रस्त्यावर, चांदीचे कारागीर दुसऱ्यावर, चांभार तिसऱ्यावर. आपल्याकडच्या पेठांत राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. जोडे शिवून घ्यायला कोणत्या रस्त्याला जायचे, हे लिस्बनकराला पुन्हा न विचारता कळू लागले. अर्थात बांधकाम कित्येक दशके रेंगाळले आणि पुष्कळ कुटुंबांची वर्षे लाकडी खोपटांतच गेली.

दरम्यान, जानेवारी 1756 मध्ये देशभरच्या पाद्र्यांकडे तेरा प्रश्नांची एक यादी गेली होती. धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, किती माणसे मेली, अन्नाची टंचाई झाली काय? पापाबद्दल त्यात एकही प्रश्न नव्हता. ती उत्तरे पुढे भूकंपशास्त्राला उपयोगी पडली.

राजा मात्र दगडी छताखाली पुन्हा कधी राहायला गेला नाही. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी आधी तंबू आणि मग लाकडी राजवाडा झाला. लोक त्याला राजाची बराक म्हणत. त्याच्या नावाने खाली सबंध शहर चुन्या-दगडात उभे राहत होते, घरमालक आणि भाडेकरू पुन्हा भांडू लागले होते, आणि 1777 साली मृत्यू येईपर्यंत राजा वर लाकडाच्या घरातच राहिला.