घरे झाली, पण कोणासाठी?

लंडनच्या पूर्वेस, टपालखाते ज्यास 'ई २' म्हणते त्या विभागात, ओल्ड निकोल नावाची दरिद्री वस्ती होती. अंधाऱ्या गल्ल्या, एकेका खोलीत सबंध कुटुंब! १८८९ साली स्थापन झालेल्या लंडन काउंटी कौन्सिलने ती पाडून तेथे बाउंडरी इस्टेट उभारली. १९०० साली युवराजांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. लाल विटांच्या भक्कम इमारती, दुतर्फा झाडे, आणि मधोमध जुन्या घरांच्याच राडारोड्याचा उंचवटा करून केलेली बाग.

हेतू चांगला होता, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु पाच हजारांहून अधिक माणसे तेथून उठली आणि नव्या घरांत त्यांपैकी अवघी अकरा परतली, असे सांगतात. भाडे परवडले ते बऱ्या मिळकतीच्या कारागिरांना. हातावर पोट असणारे शेजारच्या वस्त्यांत शिरले आणि तेथील दाटी वाढली. पुढे १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सरकारी घरे विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि येथील कित्येक घरे खुल्या बाजारात गेली.

म्हणून कोठेही जुनी वस्ती पाडण्याचा बेत निघाला, की आम्ही आधी विचारावे : आज येथे राहणारा उद्या कोठे निजेल, आणि त्याच्या मजुरीतून भाडे किती जाईल?