किडनी प्रत्यारोपणानंतर जन्मभराच्या गोळ्या थांबू शकतात का?

किडनी, यकृत किंवा हृदयाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्याही जन्मभर. मात्र जगात मोजक्या रुग्णांचा नवा अवयव या गोळ्यांशिवायही उत्तम काम करतो आहे. हे कसे शक्य झाले?

गोळ्या कशासाठी लागतात?

आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिने असतात. ही शरीराची ओळखपत्रेच म्हणा. दुसऱ्याच्या अवयवावरील ओळखपत्र वेगळे दिसले की टी-पेशी त्याला परका समजून हल्ला करतात. टॅक्रोलिमससारखी औषधे हा हल्ला रोखतात, पण त्यासाठी सगळी रोगप्रतिकारशक्तीच दबते. त्यामुळे संसर्ग आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो. मधुमेह होऊ शकतो. गंमत अशी की टॅक्रोलिमस दीर्घकाळ घेतल्यास किडनीलाच इजा होऊ शकते.

सहिष्णुता म्हणजे काय?

शरीराने नव्या अवयवाला आपले मानणे, पण जंतूंशी लढण्याची ताकद मात्र कायम राहणे, याला रोगप्रतिकारक सहिष्णुता म्हणतात.

ही कल्पना आली कुठून?

1945 मध्ये रे ओवेन यांना जुळ्या वासरांच्या रक्तात एकमेकांच्या रक्तपेशी आढळल्या. गर्भात दोघांचे रक्त मिसळले होते आणि शरीराने त्याला विरोध केला नव्हता. 1953 मध्ये पीटर मेडावर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठे झाल्यावर या उंदरांनी त्याच जातीची त्वचा स्वीकारली. मेडावर यांना 1960 चे नोबेल मिळाले.

1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. दोघे एकसारखे जुळे असल्याने अशी औषधे लागलीच नाहीत. पण असा जुळा भाऊ किती जणांना असतो?

मग माणसात हे कसे साधले?

किडनीसोबत त्याच दात्याची अस्थिमज्जा देऊन. 2008 मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एचएलए पूर्ण न जुळणाऱ्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एकाची किडनी शरीराने नाकारली. उरलेल्या चौघांची औषधे 9 ते 14 महिन्यांत पूर्ण बंद झाली.

2022 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराच्या तीन मुलांवर वेगळा क्रम वापरला. आधी आई किंवा वडिलांच्या मूळ पेशी दिल्या आणि काही महिन्यांनी त्याच पालकाची किडनी. मुलांची रोगप्रतिकार यंत्रणा आता दात्याच्याच पेशींपासून तयार झाली होती. त्यामुळे ती किडनी परकी ठरली नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात औषधे थांबली.

दुसरा मार्ग नियामक टी-पेशींचा आहे. या पेशी इतर टी-पेशींना आवर घालतात. त्यांच्यावरील संशोधनासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना 2025 चे नोबेल मिळाले. त्या वाढवून रुग्णाला देण्याचे प्रयोग सुरू आहेत.

मग सगळ्यांना हे का करत नाहीत?

कारण त्यात मोठी जोखीम आहे. दात्याच्या पेशींना जागा करून देण्यासाठी केमोथेरपी किंवा किरणोपचार द्यावे लागतात. कधी दात्याच्या पेशीच रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर हल्ला करतात आणि ते जीवावर बेतू शकते. शिवाय अस्थिमज्जेसाठी बहुधा जिवंत दाता लागतो. भारतात बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांकडूनच मिळतात, त्यामुळे ही अट इथे तुलनेने सोपी आहे. खर्च आणि जोखीम मात्र तशीच राहते.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

यकृताच्या काही निवडक रुग्णांची औषधे हळूहळू कमी करत बंद करता आली आहेत, पण डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली. "मला आता बरे वाटते" किंवा "मेसेजमध्ये वाचले" म्हणून गोळ्या बंद करणे घातक आहे. अवयव नाकारला जात असताना सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. रक्ताच्या अहवालात ते दिसेपर्यंत किडनीचे नुकसान होऊन गेलेले असू शकते. म्हणून डोस चुकला किंवा गोळ्यांचा त्रास होत असेल, तर आधी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांशी बोला.