सुधारित सायकल-रिक्षा आणि तिचे गिऱ्हाईक

यंत्रांचा इतिहास बहुधा यशस्वी यंत्रांचाच लिहिला जातो. जे यंत्र चांगले असूनही रूढ झाले नाही, त्याची नोंद एखाद्या अहवालात राहते आणि अभ्यासकाचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः एखाद्या समाजात नव्या वस्तूची निवड कोण करतो, हे अशा अपयशातूनच अधिक स्पष्ट होते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे विसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेली सुधारित सायकल-रिक्षा या दृष्टीने विचारार्ह आहे. तिचे महत्त्व नागपूरच्या अभ्यासकाला विशेष वाटावे, कारण सायकल-रिक्षा पुण्या-मुंबईत रुजली नाही. महाराष्ट्रातील ज्या थोड्या शहरांत ती दीर्घकाळ टिकली त्यांत नागपूर प्रमुख होय.

माणसाने ओढायची रिक्षा जपानात इ. स. १८६९ च्या सुमारास निघाली. पुढे तिला सायकलची जोड मिळाली आणि १९३० नंतरच्या काळात हे तीनचाकी वाहन भारतात पसरले. पुढे सुमारे साठ वर्षे त्याच्या रचनेत म्हणण्यासारखा बदल झाला नाही. पुढचा भाग साध्या सायकलचा, मागे दोन चाकांवर बैठक, एकच गिअर, ब्रेक बहुधा पुढच्या चाकालाच आणि साखळीचा जोर मागच्या एकाच चाकावर. एका माणसाला सपाट रस्त्यावर नेण्यासाठी आखलेल्या सायकलवर तीन माणसांचा भार टाकला गेला, हाच तिचा मूळ दोष. नागपूरची भूमी बरीचशी सपाट असली तरी रेल्वेमार्गाने शहराचे दोन भाग पाडले आहेत: पूर्वेकडे महाल, इतवारी, तर पश्चिमेकडे सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स. एका भागातून दुसऱ्या भागात जायचे म्हणजे पूल किंवा भुयारी मार्ग आलाच, आणि तेथील चढावर रिक्षावाल्याला खाली उतरून गाडी हाताने ओढावी लागे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर गेलेला असताना हे श्रम काय असतात, याचे वर्णन करण्याची गरज नाही.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटण येथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या गटाने रिक्षेला अनेक गिअर बसवले, मागच्या चाकांना ब्रेक दिले, चालकाचे श्रम आणि वाऱ्याचा विरोध कमी केला. याशिवाय पायडलला लहान मोटरीची मदत असलेली एक आणि ‘इलेक्शा’ नावाची सर्वस्वी बॅटरीवर चालणारी दुसरी, अशा दोन गाड्याही त्यांनी सिद्ध केल्या. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००२ साली त्यांनी या सर्व प्रयत्नांचे विवेचन केले. तांत्रिक दृष्टीने त्यात फारसे न्यून काढता येत नाही. तरीही या गाड्या नागपूरच्या वा अन्य शहरांच्या रस्त्यांवर प्रचारात आल्या नाहीत.

याचे कारण शोधताना स्वीडनमधील ‘इटेरा’ या प्लॅस्टिकच्या सायकलीशी तुलना उपयोगी पडते. व्हॉल्वो कंपनीतील अभियंत्यांच्या कल्पनेतून निघालेली ही सायकल १९८२ पासून विल्हेल्मिना या गावी तयार होऊ लागली. तिचा सांगाडाच नव्हे तर चाकेही प्लॅस्टिकची होती. ती गंजत नसे. परंतु सांगाडा लवत असे, गिऱ्हाइकाला ती खोक्यातून आणून स्वतः जुळवावी लागे आणि नेहमीच्या दुकानातील सुटे भाग तिला चालत नसत. सुमारे तीस हजार नग बनल्यावर १९८५ पर्यंत उत्पादन थांबले. तेथे निदान निकाल देणारा न्यायाधीश योग्य होता: सायकलवर बसणाऱ्यानेच ती नाकारली.

फलटणच्या रिक्षेच्या बाबतीत असे म्हणता येत नाही, कारण रिक्षा चालवणारा एक आणि ती विकत घेणारा दुसरा होता. नागपुरात रिक्षा ओढणारे पुष्कळसे छत्तीसगढातून पोटासाठी आलेले मजूर होते. गाडी रोजच्या भाड्याने घ्यायची, मालकाला ठरलेले पैसे द्यायचे आणि उरलेल्या पैशांत दिवस काढायचा, ही सर्वसाधारण रीत. मालकाच्या हिशेबात मजुराच्या पायांची शक्ती येत नव्हती. गाडी हलकी झाली म्हणून त्याचे भाडे वाढणार नव्हते. गिअर मात्र बिघडला तर दुरुस्तीचा खर्च त्याच्याच माथी. शिवाय रस्त्याकडेच्या मिस्त्रीला साखळी, स्पोक आणि फ्रीव्हील यांपलीकडे काही ठाऊक नसायचे. ज्याला सुधारणेचा लाभ होणार होता त्याच्याजवळ भांडवल नव्हते, आणि ज्याच्याजवळ भांडवल होते त्याला लाभ दिसत नव्हता.

रिक्षा ओढणारा परंपरानिष्ठ असल्यामुळे नवे स्वीकारत नाही, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते आळशी स्पष्टीकरण आहे. आग्रा येथे १९९८ च्या सुमारास एका अमेरिकी संस्थेच्या साहाय्याने दुसरी सुधारित रिक्षा तयार झाली. तिचे वजन सुमारे ८० किलोवरून ५५ किलोपर्यंत उतरले, किंमत मात्र जुनीच्या आसपास ठेवली गेली. ती आग्रा-दिल्लीकडे हजारोंनी चालली. म्हणजे मालकाचा हिशेब न बिघडवणारी सुधारणा त्याच मंडळींनी विनातक्रार घेतली.

विजेच्या गाडीपुढे आणखी एक अडचण होती, ती कायद्याची. मोटर बसली की वाहन मोटर वाहन कायद्याच्या कक्षेत येई; पुढे झालेल्या नियमाने २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, मंद आणि हलक्या गाड्यांना तेवढी सूट मिळाली. प्रवासी वाहणाऱ्या तीनचाकीला ती पुरणारी नव्हती. नियम पाळू पाहणाऱ्या संस्थेला ही मर्यादा बांधून ठेवी. नियमांची चौकशी न करणाऱ्या व्यापाऱ्याला ती दिसतही नव्हती. चीनमधून सुटे भाग आणून येथे जुळवलेल्या ई-रिक्षा २०१० नंतर उत्तरेकडील शहरांत आणि पुढे नागपुरातही पसरल्या, त्या याच फटीतून. त्यांची घडण फलटणच्या गाडीहून सरस होती असे म्हणण्यास आधार नाही. पण त्या दोघांऐवजी चार प्रवासी नेत आणि दिवसात अधिक फेऱ्या करत. त्यामुळे मालकाचे भाडे आणि चालकाची कमाई ही दोन्ही एकाच वेळी वाढली. श्रम वाचवणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते, तरी श्रम वाचले.

दिल्ली उच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१४ रोजी या गाड्यांवर बंदी घातली, तेव्हा त्या केवळ दिल्लीतच सहस्रावधी झाल्या होत्या आणि त्यांच्या चालकांना दुर्लक्षिणे कोणत्याही पक्षाला परवडणारे नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारने नियम केले: चार प्रवासी, ताशी २५ किलोमीटर वेग, दोन हजार वॅटपर्यंत मोटर. मार्च २०१५ मध्ये मोटर वाहन कायद्यातच दुरुस्ती होऊन ई-रिक्षेला मान्यता मिळाली. फलटणच्या गाड्यांचे विवेचन प्रसिद्ध होऊन तेव्हा तेरा वर्षे लोटली होती.