सेवा, प्रश्न आणि नागरिक : गिरगाव ते डिलाईल रोड

(डिलाईल रोड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल असा आहे. कॉलेजातली मुलं समाजसेवेच्या निमित्ताने वस्तीत जातात, तेव्हा त्यांच्यात नेमकं काय घडतं? ती चांगली नागरिक होतात का? आजच्या शैक्षणिक परिभाषेत याला 'सर्व्हिस लर्निंग' म्हणतात, म्हणजे सेवेतून शिकणं. हा शब्द साधारण 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुळला. शब्द तिकडचा, पण गोष्ट आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा मोठा भाग या रस्त्याच्या आसपासच घडलेला आहे.

ज्या रस्त्यावर आपण बसलोय त्याचं अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग. आपण सगळे त्याला डिलाईल रोडच म्हणतो, मीही तेच म्हणणार. पण पाटीवरचे हे ना. म. जोशी आजच्या विषयाच्या मध्यभागी आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायला आधी गिरगावात जाऊ.

साल 1848. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षं आहेत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक सभा काढली, 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी'. नावावरून वाटतं की निबंध वाचायचे आणि वाद घालायचे. तसंच चाललं होतं. पण स्त्रीशिक्षणाची चर्चा करता करता या पोरांच्या लक्षात आलं, की बोलून काही होत नाही. 1849मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. पैसे नव्हते, मास्तर नव्हते, तेव्हा सभासद स्वतःच बिनपगारी शिकवायला उभे राहिले. त्यांत दादाभाई नौरोजी होते, भाऊ दाजी होते. जगन्नाथ शंकरशेठ यांनी मराठी मुलींच्या शाळेला गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली.

त्याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले हेच काम करत होते, आणि त्याची किंमत त्यांनी कितीतरी जास्त मोजली. एल्फिन्स्टनच्या मुलांच्या पाठीशी शेटजी होते, प्रोफेसर होते. फुल्यांच्या पाठीशी घरचेही उभे राहिले नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पुढचं बघा. 1852मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली. सरकारकडे अर्ज करायचे, पार्लमेंटपर्यंत गाऱ्हाणी न्यायची, हे तिचं काम. तिच्यात पुन्हा हेच लोक दिसतात, शंकरशेठ, दादाभाई, भाऊ दाजी. मुलींना बाराखडी शिकवली म्हणून दादाभाई राजकारणात आले, असं मी म्हणणार नाही. तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, आधी घडलं म्हणजे कारण झालं असं मानत नाही. पण क्रम बोलका आहे. पहिल्यांदा हाताने काम केलं. काम करताना अडचण कुठे आहे ते कळलं. मग अर्ज लिहायला बसले.

आता परळकडे येऊ, कारण पुढच्या साठ वर्षांत शहराचं वजनच इकडे सरकलं. गिरण्या आल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. एका खोलीत एक कुटुंब आणि वर पोटभाडेकरू. 1896मध्ये प्लेग आला तेव्हा या वस्त्यांची अवस्था सगळ्या शहराने पाहिली.

नारायण मल्हार जोशी 1879 साली कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावात जन्मले. पदवी घेतल्यावर काही वर्षं त्यांनी शाळेत मास्तरकी केली, मग 1909मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. अध्यक्ष होते न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर, जे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. म्हणजे विद्यापीठाचा सर्वोच्च माणूस आणि गिरणगावातली सेवा, या दोन गोष्टी तेव्हाच एका कागदावर आल्या.

लीगचं काम काय? कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, पुस्तकांच्या पेट्या चाळीचाळींतून फिरवायच्या, दवाखाने, सहकारी पतपेढ्या. शिकलेल्या तरुणांनी फावल्या वेळात यायचं आणि हे करायचं. लंडनमध्ये 1884मध्ये टॉयन्बी हॉल निघाला होता, ऑक्सफर्डचे तरुण ईस्ट एंडच्या गरीब वस्तीत येऊन राहत. शिकागोत 1889मध्ये जेन ॲडम्सने हल हाऊस काढलं होतं. वारं तेच होतं.

या कामाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, वा, किती थोर काम. दुसरं म्हणतं, ही सगळी वरच्यांची दया, मालकांच्या पैशावरची मलमपट्टी. परळचा दामोदर हॉल घ्या. लीगच्या जागेतला हा हॉल, ज्याला आपण पुढे दामोदर नाट्यगृह म्हणून ओळखलं आणि जिथे कामगार रंगभूमी वाढली, त्याला नाव आहे दामोदर ठाकरसी मूळजी यांचं, म्हणजे गिरणीमालकाच्या घराण्यातलं. तेव्हा दुसऱ्या मतात तथ्य नाही असं नाही.

पण जोशींचं स्वतःचं काय झालं ते बघा. रात्रशाळेत कामगार का येत नाही? कारण तो दमलेला असतो. का दमलेला असतो? कारण पाळी बारा तासांची असते. पतपेढी काढली तरी तो कर्जात का? कारण पगारच पुरत नाही, आणि पगार हातात यायच्या आधी सावकार दारात असतो. हा 'का' एकदा मागे लागला की माणूस रात्रशाळेत थांबू शकत नाही. 1919मध्ये मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला. त्याच वर्षी जोशी वॉशिंग्टनला पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. 1920मध्ये आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी कामगार संघटनांच्या कायद्यासाठी पाठपुरावा केला आणि 1926मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची युनियन काढली.

जोशी मवाळ होते. 1928च्या मोठ्या संपात गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्याने त्यांना मागे टाकलं, 1929मध्ये नागपूरला आयटक फुटली तेव्हा ते बाहेर पडले. त्यांच्या मार्गाबद्दल वाद घालायला भरपूर जागा आहे. मला एवढंच दाखवायचंय, की पुस्तकांची पेटी घेऊन चाळीत शिरलेला मास्तर पंधरा वर्षांत कायद्याच्या कलमांपर्यंत पोचला. सेवेने त्याला नागरिक केलं, कारण त्याने सेवेला प्रश्न विचारला.

गोष्ट इथेच संपवली तर ती एकतर्फी होईल. कारण आतापर्यंत आपण 'जाणाऱ्यां'बद्दल बोललो. ज्यांच्याकडे जायचं, त्यांचं काय?

9 मार्च 1924. त्याच दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक सभा बोलावली. तिच्यातून जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचं कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होतं. बाबासाहेब तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. म्हणजे ते परळला 'आले' नव्हते, परळचेच होते. सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड, आणि तेही मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू! पण कारभार होता बाबासाहेबांच्या हाती.

कामाची यादी लीगच्या यादीसारखीच दिसते. वसतिगृहं, वाचनालय, शिक्षणाचा प्रसार. 1925च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक काढलं. आता बघा, लीगच्या यादीत कामगार हा घेणारा होता. इथे वसतिगृहात राहणारा मुलगा, ज्याला आपण लाभार्थी म्हणतो, तोच लिहितोय, संपादन करतोय. शिका, चेतवा, संघटित व्हा, या तीन पायऱ्यांत लाभार्थी नावाची पायरीच नाही.

बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबियात होते, तिथे जॉन ड्युई त्यांचे शिक्षक. ड्युईचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' 1916चं. लोकशाही म्हणजे फक्त राज्य चालवण्याची रीत नाही, ती एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा त्याचा गाभा. सर्व्हिस लर्निंगवाले आज ड्युईला आपला आजोबा मानतात. मग त्याचा सगळ्यात थोर विद्यार्थी परळात राहत होता, हे आपण का विसरायचं?

आता त्यानंतरचं थोडक्यात. नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नेबरहूड हाऊस चालवलं, तिथून 1936मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, आजची टिस. क्षेत्रकार्य हा तिथल्या अभ्यासाचाच भाग होता. पण ते समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुरतं. सर्वांसाठीची योजना आली 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना, आपली एनएसएस. सुरुवातीला 37 विद्यापीठं आणि सुमारे 40,000 विद्यार्थी. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर.

मी स्वतः काही वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो. या योजनेने लाखो मुलांना पहिल्यांदा आपल्या घराबाहेरचा देश दाखवला. पण तास मोजायचे म्हटलं की तासच मोजले जातात. वही भरली, सही झाली, दहा मार्क मिळाले. एकदा गिरणगावातल्या एका चाळीत आमचं स्वच्छता अभियान झालं. मुलांनी अहवालात लिहिलं, 'रहिवाशांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले.' तो अहवाल वाचत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, मी त्याच चाळीत राहतो. महत्त्व आम्हाला माहितेय. गाडी आठवड्यातून दोनदाच येते, ते पण लिहा ना." वर्ग शांत झाला. मग मुलांनी पंधरा दिवस गाडीची वेळ टिपली, तारीखवार तक्ता केला, चाळीतल्या बायकांच्या सह्यांनी अर्ज दिला. गाडी रोज आली का? नाही, आठवड्यातून चारदा यायला लागली. पण त्या पंधरा दिवसांत ती मुलं जे शिकली ते 240 तासांत शिकली नसती.

संशोधक हेच वेगळ्या भाषेत सांगतात. आयलर आणि जाइल्स यांनी 1999च्या पुस्तकात दाखवलं, की केवळ सेवा करून फारसं काही बदलत नाही. कामाचा दर्जा चांगला हवा आणि केलेल्या कामावर सातत्याने चिंतन हवं, तेव्हा समज वाढते. वेस्टहायमर आणि कान यांनी 2004मध्ये नागरिकांचे तीन प्रकार मांडले. अन्नदानाचं उदाहरण घ्या. पहिला स्वतःच्या पिशवीतलं धान्य देतो. दुसरा धान्य गोळा करायची मोहीम आखतो. तिसरा विचारतो, माणसं उपाशी का आहेत? आणि त्यांचं निरीक्षण महत्त्वाचं आहे, की एक गुण वाढला म्हणजे दुसरा आपोआप वाढत नाही. संघटनेत तरबेज झालेली मुलं 'का' विचारतीलच असं नाही, आणि 'का' विचारणाऱ्यांना साधी मीटिंग घेता येईलच असंही नाही. दोन्ही शिकवावं लागतं.

आज हा प्रश्न निकडीचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाखाली सामुदायिक सहभागाला श्रेयांक मिळू लागलेत. म्हणजे पूर्वी जे हौसेचं होतं ते आता गुणपत्रिकेत आलं. आणि हे कुठे घडतंय? 1982च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. या रस्त्यावरच्या 32 बीडीडी चाळींचा पुनर्विकास चाललाय. 160 चौरस फुटांच्या खोलीत चार पिढ्या राहिलेली माणसं आता मजल्यावर जाणार. तिथे देखभाल खर्च म्हणजे काय, सोसायटीची सर्वसाधारण सभा कशी होते, इतिवृत्त कोणी लिहायचं, हे सगळं नव्याने शिकायचंय. कॉलेजच्या मुलांना यापेक्षा चांगली शाळा कुठे मिळणार? फक्त त्यांनी 'जनजागृती' करायला येऊ नये. जागी माणसं इथे बरीच आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून या भागाचा इतिहास लिहून घेतला, तसं आधी ऐकायला यावं.

म्हणून प्राध्यापक मित्रांना माझी एक सूचना आहे. विद्यार्थ्याच्या वहीत तासांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखा. मी आज इथल्या कोणाकडून काय शिकलो? ही अडचण मुळात का आहे? आणि ती दूर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, त्याच्याकडे कोण जाणार? पहिला रकाना रिकामा असेल तर श्रेयांक देऊ नका. तिसऱ्यातल्या 'कोण जाणार'पुढे वस्तीतल्या माणसाचं नाव असेल, आणि विद्यार्थ्याचं नाव त्याच्या शेजारी असेल, तर काम बरं चाललंय असं समजा.

पाटीवरच्या जोशींनी आणि परळच्या चाळीतल्या बाबासाहेबांनी या रस्त्याच्या आसपास जे करून दाखवलं, ते दोन्ही मिळून आपला वारसा आहे. एक बाहेरून आत आला, एक आतून उभा राहिला. आज आपल्या वर्गात ही दोन्ही प्रकारची मुलं एकाच बाकावर बसतात. 1911 साली ही सोय नव्हती.

माझं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. इथले रहिवासी आधी बोलू द्यात, प्राध्यापक मंडळी नंतर.